कोणीही दरवाजाला रंग देऊ नये

बाभुळगावचे समस्त नातलग, कॅनडा, अमेरिका व पुणे अशा दूरदेशी पांगलेली आमची भावंडं, आणि ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही पण ज्यांना सगळं सगळ्यांच्या आधी कळायला हवं असतं ते शेजारी, अशा सर्वांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं, की आमच्या घराच्या दरवाजासंबंधी काढलेला हुकूम मी मागे घेतला आहे. तसंच पुढच्या भादव्यात मी परत येणार आहे, आणि कॅमेरा आणणार नाही. दुसरी बातमी पहिलीहून मोठी आहे. शक्यतो उभं राहून वाचावं.

हुकूम काय होता ते सांगतेच. पण त्याआधी मी घर सोडलं तो दिवस सांगायला हवा, कारण त्या दिवशी दरवाजा ओला होता.

आमच्याकडे भादव्यात महालक्ष्म्या बसायच्या आधी बाबा दरवाजाला रंग द्यायचे. भिंतींना चुना कोणीही लावो, दरवाजा त्यांचा. निळा ऑइलपेंट, दोन हात. मी लग्न करून कॅनडाला निघाले ती नेमकी त्याच आठवड्यात. यवतमाळहून बोलावलेली गाडी दारात लागली, तेव्हा बाबा उकिडवे बसून खालची फळी रंगवत होते. रडू येऊ नये म्हणून त्यांनी तोच दिवस मुद्दाम निवडला, असा माझा आजही संशय आहे. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी दोन्ही हात वर केले, पोलिसांनी पकडल्यासारखे. "हात नको लावू वं बेबे, ओला हाये," एवढंच म्हणाले. ते दरवाजाबद्दल म्हणाले की स्वतःबद्दल, हे मला विमानात बसेपर्यंत ठरवता आलं नाही. शेवटी न राहवून त्यांनी माझी सूटकेस उचलून गाडीत ठेवली आणि तिच्या मुठीवर एक निळा अंगठा उमटला. त्या सूटकेसची चाकं मी दोनदा बदलली. अंगठा आहे.

कॅल्गरीत आमच्या वसाहतीत दारांना तीन रंग चालतात: राखाडी, गडद राखाडी, आणि एक 'दगडी' म्हणून आहे, तोही राखाडीच. एकदा मी आमचं दार निळं करायचं मनावर घेतलं. वसाहतीच्या समितीनं इतक्या गोड भाषेत नकार कळवला, की मी उलट त्यांचेच आभार मानून बसले. मग आठवडाभर नवऱ्याला ऐकवत होते, "दुसऱ्याच्या दाराला काय रंग असावा, हे सांगणारे हे कोण टिकोजीराव?" हे वाक्य कृपया लक्षात असू द्या.

चाळिशी उलटली की तिथली माणसं धावायला लागतात. मी कॅमेरा घेतला. लायब्ररीच्या तळघरात दर गुरुवारी आमचा फोटोग्राफी क्लब भरतो. बहुतेक सभासद निवृत्त, बहुतेक फोटो बदकांचे. मीही दोन वर्षं इमानानं बदकं काढली.

मग बाबा गेले. पहिल्या वर्षी घरात सणच नव्हता, आणि दुसऱ्या वर्षी त्यांचा ब्रश उचलायचा कोणाला धीर झाला नाही. त्यानंतर मी घरी आले तर दरवाजाचे पापुद्रे सुटलेले. निळ्याखालून हिरवा, हिरव्याखालून गेरूसारखा लाल, आणि त्यावर उतरतं ऊन. मी फोटो काढला. कॅल्गरीच्या तळघरात तो पडद्यावर आला तेव्हा बदकवाले खुर्च्या पुढे ओढून बसले. क्लबचे अध्यक्ष, दातांचे निवृत्त डॉक्टर, डोळे पुसत म्हणाले की या दारात मला माझं आयर्लंड दिसलं. पहिलं बक्षीस. फोटोचं नाव मी 'होम' ठेवलं होतं.

खरं तर मूळ फोटोत डाव्या कडेला आईची चार बोटं आली होती. दार वाऱ्यानं हलू नये म्हणून ती ते आतून धरून उभी होती. एका बोटाला चिंधी बांधलेली. बोटांमुळे नजर भरकटते, असं वाटून मी ती कापली. आमच्या क्लबात याला क्रॉप करणं म्हणतात. शब्द इंग्रजी असला की पाप कमी वाटतं.

बक्षिसाची फीत गळ्यात असतानाच मी धाकट्या भावाला फोन लावला आणि हुकूम सोडला: कोणीही दरवाजाला रंग देऊ नये.

"काहून वं ताई?" मधू म्हणाला.

"अरे, टेक्स्चर आलंय त्याला."

मधूची कपाशी आहे. त्यानं काळजीनं विचारलं, "मंग फवारा लागते का काही?"

त्याआधी मी चार-चार वर्षं घरी येत नव्हते. मधूच्या मुलीच्या बारशाला मला रजा नव्हती. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी व्हिडिओ कॉलवर तिला माझी बोटं मोजायला लावली, आणि मुलीचं कर्तव्य पार पडलं. दरवाजासाठी मात्र दरवर्षी रजा मिळू लागली. मी त्याची मालिका करत होते: हिवाळ्यातला दरवाजा, उन्हाळ्यातला दरवाजा, दरवाजा आणि बकरी. आई त्याची राखणदार झाली. मधूनं ब्रश आणला की ती तो कोठीत लपवायची. "बेबीनं नाही म्हटलं ना? नाही म्हंजे नाही." मला हे ऐकून भारी वाटायचं. आईला कला कळते, असं मी क्लबात सांगितलं होतं.

या वर्षी मला ओला दरवाजा हवा होता, म्हणून ऐन भादव्यात आले. पाऊस नुकताच थांबला होता. लाकूड पाणी पिऊन फुगलेलं आणि दार चौकटीत गच्च बसलेलं. आतून आई ते ओढत होती, तिचं कण्हणं बाहेर ऐकू येत होतं. आणि मी काय केलं असेल? ढगातून असं काही ऊन पडलं होतं, की मी अंगणातूनच ओरडले, "थांब आई, उघडू नको! लाइट मस्त आहे!"

ती थांबली. वर्षानं आलेल्या मुलीचं तोंड न पाहता, बंद दाराआड, मी हो म्हणेपर्यंत उभी राहिली. मी सावकाश ट्रायपॉड लावला. दार उघडलं तेव्हा तिच्या अंगठ्याला चिंधी होती. "पोचली का वं?" असं हसून म्हणाली, आणि तो हात पदराखाली घेतला.

संध्याकाळी सुनंदा, म्हणजे मधूची बायको, डाळ निवडता निवडता म्हणाली, "ताई, बोलू का? राग नका धरू."

ही प्रस्तावना ऐकली की नणदेनं समजून जावं.

"मुकुटबनले माह्या माहेरी बैलाच्या शिंगायलेबी दरसाल रंग असते. अन् इथं ज्या दारातून लक्ष्म्या येतेत, त्याले नाही. मागच्या साली हळदीकुंकवाले आलेली एक बाई मले सगळ्यायच्या समोर म्हणे, काय वो सुनंदा, तुमच्या घरचं सुतक फिटलं नाही का अजून? मी काय सांगू तिले? टेक्स्चर हाये म्हणू?"

मी हसायला गेले. ते जमलं नाही.

"अन् आईच्या हातात दर पावसाळ्यात फासा जातेत त्या लाकडाच्या. मलेच सुईनं काढा लागतेत. तुमाले सांगायची नाही म्हणतेत."

मला ती कापलेली चार बोटं आठवली. आणि मग आणखी एक गोष्ट आठवली, जी इतकी वर्षं कशी सुचली नाही हेच नवल. माझ्या लहानपणी आमच्या दरवाजाचा पापुद्रा कधी सुटलाच नव्हता. बाबांच्या हयातीत तो दरवाजा असा चकाकायचा, की मी त्यात पाहून वेण्या घालायचे. दर गुरुवारी ज्या जुन्या घराच्या आठवणीनं मी तळघरात गहिवरत होते, ते घर कधी नव्हतंच. ते मी कॅल्गरीत बसून, फोनवरून, नवीन बनवून घेतलं होतं. तिथे निदान समिती होती. इथे मी एकटीच टिकोजीराव.

जेवताना मी जाहीर केलं, "महालक्ष्म्यांच्या आधी दरवाजाला रंग द्यायचा."

सुनंदाची पोळी तव्यावर फुगायची विसरली. मधू म्हणाला, "खरंच का वं?" आई मात्र ताटाकडे पाहत म्हणाली, "राहू द्या." मी म्हटलं, "आई, मला आता काही हरकत नाही." "मले हाये," ती म्हणाली आणि उठून गेली.

मला वाटलं, बाबांचा शेवटचा हात पुसला जाईल म्हणून तिला नको असेल. मी त्यावरही उपाय काढला. मी आणि मधू सूटकेस घेऊन रंगाच्या दुकानात गेलो आणि मुठीवरचा अंगठा दाखवून तोच निळा मागितला. दुकानदारानं आम्हाला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बॅगीले रंग देऊन राह्यले का?" त्यानं विचारलं. पण निळा बरोबर काढून दिला.

दुसऱ्या दिवशी उघाड होती. मी कॅमेरा पेटीत ठेवला आणि काचकागद घेऊन दरवाजा घासायला बसले. माझं बक्षीसपात्र टेक्स्चर भुग्याभुग्यानं माझ्याच मांडीवर पडत होतं. सुनंदानं न मागता चहा आणून दिला, त्यात साखर नेहमीपेक्षा जास्त होती. आई ओसरीवर खाटेवर बसून होती, अंगठ्याची चिंधी सोडत आणि परत बांधत. मी तिला बाबांचाच रंग असल्याचं सांगितलं. तिनं मान हलवली, पण डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मधूनं पेचकसानं झाकण उचकटलं. टर्पेंटाइनचा तो जुना वास अंगणभर झाला. त्यानं ब्रश बुडवला, काठावर निथळला आणि दरवाजाकडे नेला. तेवढ्यात आई खाटेवरून ताडकन उठली, येऊन त्याचं मनगट धरलं, आणि मी तिथे हातभर अंतरावर बसलेली असताना, सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलून गेली:

"नको देऊ रे, मधू! रंग देल्ला तं मंग हे पोरगी इकडं कायले येईन?"