जिन्यात मराठी बंद

किस्से काही कोणी ठरवून गोळा करत नाही. प्रत्येकाच्या घरी दारामागे एक पिशवी टांगलेली असते, तिच्यात दुसरी कोंबलेली, दुसरीत तिसरी. टाकवत नाहीत, कधीतरी लागतील म्हणून राहतात. किश्श्यांचं तसंच. त्यात माझं घर पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या अगदी तोंडाशी. दार मी उघडंच ठेवते, वारा येतो. आता वाऱ्याबरोबर कोण कुठे निघालं आणि कोणाच्या हातात काय आहे हेही आत येतं, त्याला माझा इलाज नाही.

आमची बिल्डिंग वारज्यात. तीन मजले, वर गच्ची, लिफ्ट नाही. हायवेला सकाळी कंपन्यांच्या बस लागायला नुकती सुरुवात झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा असलेलं माणूस दिसलं की आम्ही "आयटी" म्हणून जरा बाजूला सरकायचो. तसा पट्टा आमच्या बिल्डिंगमध्ये एकीच्याच गळ्यात होता. तिसऱ्या मजल्यावरची ज्योती गायकवाड.

एकदा संध्याकाळी ती माझ्या दारासमोरच्या पायरीवर पुस्तक उघडून बसलेली दिसली. अक्षरं म्हणजे कोंबडीनं अंगण उकरावं तशी.

"हे काय गं?"

"जपानी."

"आणि जिन्यात का?"

"घरात सगळे विचारतात, हे काय गं."

मग मी आत बोलावून चहा ठेवला आणि सगळं काढून घेतलं. ज्योतीची नोकरी काँट्रॅक्टवर, माहिती भरायची. मार्चला काँट्रॅक्ट संपणार. ऑफिसात जपानचं मोठं काम येणार होतं. डिसेंबरची जपानीची परीक्षा जो पास होईल आणि मग तिकडच्या साहेबांशी फोनवर नीट बोलेल, तो कायम. बाकीच्यांना मार्चमध्ये नमस्कार. नवऱ्याची, सुनीलची, हडपसरची फॅक्टरी आदल्या वर्षीच बंद पडलेली. घरात सासू, दोन मुलं, आणि पट्टा हा एवढा एकच.

"पण तुला आवडते का ती भाषा?"

ज्योती म्हणाली, "काकू, आवडायला वेळ कुठंय?"

* * *

बातमी देशपांडे काकांपर्यंत गेली. म्हणजे मीच नेली. काका दुसऱ्या मजल्यावर राहतात, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. सगळी बिल्डिंग त्यांना काका म्हणते, मीसुद्धा. ते म्हणाले, "नियोजनाशिवाय भाषा येत नाही. मी बघतो."

आणि त्यांनी खरंच बघितलं. पंधरा दिवस बघितलं. फुटपट्टी घेऊन चार रंगांचा तक्ता केला. लाल म्हणजे अक्षरं, हिरवं म्हणजे शब्द, निळं म्हणजे उजळणी, काळं म्हणजे उजळणीची उजळणी. ज्योतीनं तक्ता वरपासून खालपर्यंत नीट वाचला.

"काका, ऑफिस आणि स्वयंपाक कुठल्या रंगात बसवायचा?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "तो भाग तुम्ही आपल्या पातळीवर बघा."

नंतर काकूंनी, म्हणजे त्यांच्या मिसेसनी, मला हळूच सांगितलं की काकांनी सात वर्षांपूर्वी स्वतःसाठी जर्मनचाही असाच तक्ता केला होता. मी विचारलं, "मग आलं का जर्मन?"

"तक्ता अजून छान आहे," काकू म्हणाल्या.

* * *

खरी वाट काढली ती ज्योतीच्या सासूबाईंनी. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. सासवडकडच्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण रोज दिवेलागणीला त्यांच्या घरी बुद्धवंदना होते, ती सगळी पालीमधली आत्यांना तोंडपाठ.

ज्योती रडकुंडीला येऊन म्हणत होती, "आई, अर्थ लक्षात राहतो तर शब्द जातो, शब्द राहतो तर अर्थ जातो."

आत्या मेथी निवडत होत्या. "अगं, म्या पोर हुते तवाधरनं वंदना म्हनतीया. आदी अर्थ इचारला का कुनी? पयलं त्वांडात बसलं, अर्थ मागनं चालत आला. तू बी म्हन. म्या म्हनते संगट."

तेव्हापासून रोज वंदना झाली की कोणी उठायचं नाही. त्याच बैठकीत, त्याच चालीत, ज्योती पुस्तकातली दहा जपानी वाक्यं म्हणायची आणि मागून आत्या, सुनील आणि दोन्ही मुलं. खाली माझ्यापर्यंत आवाज यायचा. मला वाटायचं, वंदना अलीकडे जरा लांबली आहे.

एकदा सुनीलचे मामा गावाहून आले ते नेमके त्या वेळी. सगळे बसलेले बघून तेही चपला काढून मागे हात जोडून, डोळे मिटून बसले. इकडे पाठ चालला होता: स्टेशन कुठे आहे? स्टेशन बँकेच्या शेजारी आहे. बँक कुठे आहे? बँक स्टेशनच्या शेजारी आहे.

दहा वाक्यं संपली तसे मामा म्हणाले, "साधु, साधु, साधु." आणि सुनीलकडे वळून, "ही मी पहिल्यांदाच ऐकली. फार शांत वाटलं."

कोणी काही सांगितलं नाही. शांत वाटलं हे खरंच होतं.

* * *

काका मात्र तक्ता वाया गेला म्हणून अस्वस्थ होते. चार दिवसांनी ते जिन्यात खडू घेऊन उभे दिसले. "मजल्यांचे टप्पे पाडतोय," म्हणाले. तळमजल्यापासून पहिल्या मजल्यापर्यंत नमस्कार-चमत्कार आणि पायऱ्या मोजणं. पहिला ते दुसरा, वार आणि भाज्यांची नावं. दुसरा ते तिसरा, आज काय काय केलं ते. गच्चीवर वाटेल ते बोलावं. खालचा टप्पा पाठ झाल्याशिवाय वरचा मजला चढायचा नाही.

तळमजल्यावर त्यांनी पाटी लावली: "जिन्यात मराठी बंद. तक्रार असल्यास जपानीत करावी."

एकही तक्रार आली नाही.

पहिल्या आठवड्यात ज्योतीला वारांची नावं काही केल्या येईनात. बुधवारनंतर एकदम रविवारच. ती आपली ऑफिसातून येऊन रोज माझ्याच दारात अडकायची. वरून आत्यांचा आवाज, "अगं तू ऱ्हा तिथं, पर कोथमीर तर वर धाड."

गॅसवाल्यानं पाटी वाचली आणि तेव्हापासून तो सिलिंडर खुणांनीच द्यायला लागला. मी म्हटलं, "अहो, तुम्हाला नाही हो ती पाटी." तर त्यानं तोंडावर बोट ठेवून वर काकांच्या दाराकडे बघितलं आणि गेला.

* * *

आता माझं सांगते. मी नववीपर्यंत शिकलेले. आमचे हे जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं आणि मुलगा बंगळूरला. परक्या भाषेशी माझं काय काम? पण झालं असं की ज्योती आणि तिच्याच पुस्तकावरून शिकायला लागलेले काका माझ्या दारासमोर उभे राहून जपानीत बोलायचे आणि मला एक अक्षर कळायचं नाही. माझ्या दारासमोर. तीन आठवडे मी सहन केलं. शिकायला कारण लागतं म्हणतात, मला यापेक्षा मोठं कारण मिळालं नसतं.

मी ज्योतीला म्हटलं, "मलाही शिकव. पण नुसते प्रश्न शिकव."

"म्हणजे?"

"घरात किती माणसं, कुठे राहता, मुलं काय करतात, आज जेवायला काय केलं. एवढं पुरे."

"अहो काकू, उत्तरं पण शिकावी लागतील ना."

"उत्तरं समोरचा देतो."

शिकवले बाई तिनं. "गोकाझोकु वा नाननिन देस का", म्हणजे घरात किती माणसं. हे मला तीन दिवसांत आलं. पोळ्या लाटताना मी एकटीच घरात विचारत सुटायचे. वर्षभर ज्या घरात भांड्यांचाच आवाज होता तिथे रोज कोणीतरी कोणालातरी काहीतरी विचारत होतं. त्या पोरीचे हे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. आता लिहिते आहे.

* * *

सप्टेंबरात मात्र सगळं ठप्प झालं. सराव पेपरात ज्योती सपाटून नापास झाली. पुस्तक रद्दीच्या गठ्ठ्यावर टाकलं. "मार्चनंतर शिलाई करीन," म्हणाली. आठ दिवस जिन्यातून खाली मान घालून गेली. पाचव्या दिवशी मी "दमलीस का गं?" विचारलं तर काका वरून म्हणाले, "जिन्यात मराठी चालत नाही." पण आवाजात दम नव्हता.

आठव्या दिवशी मी वाटीभर विरजण मागायला वर गेले. विरजण माझ्याकडे होतं. वंदना नुकती झाली होती आणि आत्या एकट्याच बसून जपानी म्हणत होत्या. चुकीचं. मलासुद्धा कळावं इतकं चुकीचं. स्टेशन बँकेच्या आत नेऊन ठेवलं होतं.

स्वयंपाकघरातून ज्योतीचा आवाज आला, "शेजारी, आई. आत नाही."

आत्यांनी ऐकलंच नाही. पुन्हा स्टेशन बँकेत.

"आई, शेजारी."

तिसऱ्यांदा झाल्यावर ज्योती ओल्या हातानं बाहेर आली. आत्या म्हणाल्या, "मंग तूच म्हन की."

ज्योती बसली. मी विरजण न घेताच खाली आले.

ती चूक मुद्दाम होती का, हे मी आत्यांना आजवर तीनदा विचारलं आहे. तिन्ही वेळा एकच उत्तर. "मला काय कळतंय त्यातलं?"

* * *

डिसेंबरची परीक्षा ज्योती काठावर पास झाली. फेब्रुवारीत निकाल आला. राहिला साहेबांचा फोन. त्यांचं नाव तानाकासान. सान म्हणजे आपलं राव. ते तिच्याशी बोलून ठरवणार, ठेवायची की नाही.

मोबाईलला आमच्याकडे तेव्हा रेंज नव्हती, गॅलरीतून अर्धं बाहेर लोंबकळावं लागे. म्हणून नंबर दिला माझ्या लँडलाइनचा. सकाळी साडेसातची वेळ, तिकडे अकरा. मी कुकर लावला नाही. सोफ्यावर काका-काकू, खाली आत्या, दारात सुनील. ज्योती स्टुलावर, ऑफिसच्या साडीत, गळ्यात पट्टासुद्धा.

फोन आला. नाव, गाव, कामाचा अनुभव, सगळं ज्योतीनं धडाधड सांगितलं. मग त्यांनी विचारलं, जपानी का शिकलात? याचं उत्तर काकांनी लिहून पाठ करून घेतलं होतं: मला जपानमधल्या बागा, स्वच्छता आणि शिस्त फार आवडते. ज्योतीनं सुरुवात केली आणि बागांवरच थांबली.

मग ती वेगळंच काही बोलायला लागली. हळूहळू, तुकड्या-तुकड्यानं. काका हातातला कागद बघत होते, तिचं बोलणं कागदावर कुठेच नव्हतं. काय बोलली ते तिनं नंतर सांगितलं, मी इथेच सांगून टाकते. ती म्हणाली, "मार्चला माझी नोकरी जाते. नवऱ्याची गेली आहे. म्हणून शिकले. आधी आवडत नव्हती. मग सासूबाई माझ्याबरोबर रोज म्हणायला लागल्या. शेजारचे काका, काकू बोलायला लागले. आता आमचा जिना जपानी बोलतो. आता आवडते."

तिकडून एक छोटा प्रश्न आला. ज्योतीनं माझ्याकडे बघितलं आणि रिसीव्हर पुढे केला.

"काकू, ते म्हणतात, त्या जिन्यातल्या कोणाला तरी द्या."

काका उठायला लागले होते, पण फोन माझा, घर माझं. मी घेतला. नमस्कार केला आणि मला येत होते ते सगळे प्रश्न एकामागून एक विचारले. घरात माणसं किती, कुठे राहता, मुलं काय करतात, लग्नं झाली का, आज जेवायला काय आहे. तानाकाराव एकेकाचं उत्तर देत होते, चांगलं सविस्तर. मला एकही कळलं नाही. मी मधून मधून "अस्सं" म्हणत होते. मग त्यांनी बहुतेक ज्योतीला मागितलं.

ज्योती बरंच ऐकत राहिली. वर्तमानपत्राच्या कडेला काहीतरी लिहून घेतलं. शेवटी बसल्या जागी कमरेतून वाकली आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले?" आम्ही सगळेच.

ज्योती कागदावर बघून वाचायला लागली. "काकूंना सांगायला सांगितलंय. घरात चौघं आहेत. समुद्राजवळ राहतात. आज डबा आणलाय, मासे आणि भात. थोरल्याचं लग्न झालं. धाकटा एकतीसचा आहे, त्याचं काही जमत नाहीये."

"आणि नोकरीचं?" काका जवळजवळ ओरडले.

"कायम. सोमवारपासून त्यांच्या टीममध्ये."

आत्यांनी पदर तोंडाला लावला. सुनील दारातच खाली बसला. काका आपला पाठ करून घेतलेल्या उत्तराचा कागद घडी घालून उलगडत होते, पुन्हा घडी घालत होते.

मी म्हटलं, "ज्योती, धाकटा शिकलाय किती?"