डझनमामाचे एकोणतीस

दगडखाणीत त्याला सगळे डझनमामा म्हणायचे, अगदी सख्खा जावईसुद्धा. काम सुरुंग भरायचं. तीस वर्षांत त्याने कुणाला साधं खरचटू दिलं नव्हतं. पण माणूस हट्टी, इतका की विचारता सोय नाही! जग दहांनी मोजतं, हा बारांनी. उजव्या हाताच्या चार बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवायचा आणि बारा पेरं झाली की डाव्या हाताचं एक बोट मिटायचं. लिहायचाही तसंच. दहाला फुली, अकराला आकडी आणि बाराला एकावर शून्य.

"दहाचे तीन वाटे करून दाखव बघू," तो जावयाला डिवचायचा. "बाराचे बघ कसे पडतात, भांडण नाही की तंटा नाही. माझ्या आकड्याच्या शेवटी शून्य, तीन, सहा नाहीतर नऊ आलं, की डोळे मिटून तीन सारख्या ओळी!"

खाणीत भोकंही तीनच ओळींत पाडायची, त्यामुळे त्याला हे सोयीचं पडायचं. सुरुंग भरले की तो बोर्डावर आकडा लिहायचा. मुकादम तेवढे बार मोजायचा आणि मगच खाणीत शिरण्यासाठी भोंगा द्यायचा. जुन्या मुकादमाला मामाचे आकडे पाठ होते, पण तो गेल्या महिन्यात निवृत्त झाला. नव्याचा आज पहिलाच सुरुंग.

"मामा, किती भरले?" नव्याने दोनदा विचारलं. मामाचे कान अर्धे गेलेले, त्यात कुणी ओरडून बोललं की डोकंच फिरायचं.

"बोर्डावर लिहिलंय. वाचता येतं ना?"

बोर्डावर २९ होतं. दोन डझन आणि वर नऊ, म्हणजे तुमचे-आमचे तेहतीस. अकरा-अकराच्या तीन ओळी.

दुपारी वाती पेटल्या. मामा शेडमागे अनवाणी उभा राहिला. कानांनी दगा दिल्यापासून तो बार तळव्यांनीच मोजायचा. डावी दोन बोटं मिटली. मग एक, दोन, तीन, चार, पाच. अंगठा अनामिकेच्या मधल्या पेरावर थांबला. पुढचा हादरा येईना. तळाच्या चार भोकांत सकाळी पाणी पाझरत होतं. ओली वात विझली असं वाटतं, पण आत धुमसत असते. आता तासभर कुणी हलणार नाही, असं म्हणत मामा भिंतीला टेकला.

भोंगा झाला. मामाला तो ऐकूच आला नाही.

त्याने सहज वाकून पाहिलं, तर बोर्डावर २९ पुढे बरोबरची खूण! आणि माणसं खाणीत शिरलेली, सगळ्यांत पुढे खांद्यावर ड्रिल घेतलेला जावई. एकोणतीसच्या तीन सारख्या ओळी पडत नाहीत, एवढं त्या मेल्या मुकादमाला कळू नये? पण त्याला सांगणार कोण होतं? वाचता येतं ना, असं आपणच वर तोंड करून म्हणालो होतो.

"मागे फिरा! चार बाकी आहेत, चार!" बेंबीच्या देठापासून ओरडत तो तसाच अनवाणी धावत सुटला. आपला आवाज निघतोय की नाही, हेही त्याला कळत नव्हतं. जावयाने वळून पाहिलं. सासरा दिसल्यावर तो नेहमीसारखा हसला आणि त्याने मोकळा हात वर केला.

तळव्यांना हादरा बसला. मामाचा अंगठा आपोआप सहाव्या पेरावर सरकला.