हॅरिएटव्हिलच्या पुढची वळणं

माझ्या सासऱ्यांनी मला फसवलं. अख्खा हिवाळा, रोज, माझ्याच डायनिंग टेबलाशी बसून, माझ्या हातचा चहा पीत फसवलं. आणि माझ्या बायकोला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

हे इतकं स्पष्ट लिहितोय, कारण मला फसवणं सोपं नाही. इचलकरंजीहून मेलबर्नला आलो तो स्वयंपाकाच्या कोर्सचा विद्यार्थी म्हणून. दिवसा कांदे चिरले, रात्री पेट्रोल पंपावर उभा राहिलो, कोणाच्या ओळखीशिवाय, कोणाच्या उपकाराशिवाय. आज टाइल्स आणि बाथरूमच्या सामानाचं स्वतःचं दुकान आहे. समोरचा माणूस भावात कुठपर्यंत खाली येईल, हे मला त्याच्या पहिल्या वाक्यावरून कळतं. डोकं लवकर तापतं, हेही खरं. पण धंद्यात त्याचाही उपयोग होतो. मी फोनवर आवाज चढवला की अडकलेला माल सुटतो.

या आवाजावरूनच सासऱ्यांचं आणि माझं बिनसलं होतं. लग्न ठरायच्या वेळी ते बायकोला म्हणाले होते, "ज्याला आवाज खाली ठेवता येत नाही, त्याच्या घरात पोरीनं नांदायचं कसं?" बायकोने ते मला हसत हसत सांगितलं. मी हसलो नाही. लग्न झालं, त्यांनी सगळं रीतीप्रमाणे केलं, मला 'जावईबापू' म्हणू लागले. ते वाक्य मात्र त्यांनी पुन्हा उच्चारलं नाही आणि मागेही घेतलं नाही. मी विसरलो नव्हतो.

आमची मुलगी झाली तेव्हा ते कराडहून तिला बघायला आले. सासूबाई पूर्वीच गेलेल्या, त्यामुळे एकटेच. थोडे दिवस राहून परतायचं होतं. तेवढ्यात सीमा बंद झाल्या, विमानं बंद झाली, आणि ते आमच्याकडे, मेलबर्नच्या कडेला पॉइंट कुकला, अडकले. मग जुलैमध्ये, इथल्या ऐन हिवाळ्यात, मोठा लॉकडाउन लागला. दुकानाचं शटर खाली. घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, व्यायामाला दिवसातून एकच तास. बायकोचं आयटीचं काम मागच्या बेडरूममधून चालू होतं. बिनकामाचे आम्ही दोघंच, मी आणि सासरे.

मी त्या दिवसांत कसा होतो, ते सांगतो. दुकानाच्या जागेच्या एजंटशी भांडलो, माल पाठवणाऱ्याशी भांडलो, बँकेच्या बाईंशी भांडलो. एकदा बोलता बोलता फोन भिंतीवर फेकला. मुलगी दचकून उठली आणि रडायची थांबेना. बायको तिला घेऊन खोलीत गेली आणि दार आतून लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे गॅरेजमध्ये आले. मी तिथे उगाचच खोकी हलवत होतो. कोपऱ्यात माझी मोटारसायकल ताडपत्रीखाली उभी होती. एका गिऱ्हाइकाकडून घासाघीस करून घेतलेली, मुलगी झाल्यापासून बाहेरच न काढलेली. त्यांनी ताडपत्रीचं टोक उचलून पाहिलं आणि विचारलं, "चालते का ही?"

"चालेल की."

"इथले डोंगर बघायची माझी फार इच्छा आहे. गाडीतून नाही, काच मध्ये येते. याच्या मागे बसून. न्याल का, हे सगळं उघडल्यावर?"

बँकेतून निवृत्त झालेला, स्वेटरची वरची गुंडीसुद्धा लावणारा हा माणूस. मला वाटलं, म्हाताऱ्याला काहीतरी हवंय. आणि मलाही हवं होतं. माझ्या डोक्यात तेव्हाच हिशेब जुळला. डोंगराच्या माथ्यावर मोटारसायकलच्या मागच्या सीटवरून माणूस कुठे पळणार? तिथे त्यांना उतरवायचं, समोर दरी दाखवायची आणि विचारायचं, बोला, त्या वाक्याचं काय? मी लगेच हो म्हटलं.

मग आमची आखणी सुरू झाली. टीव्हीवर नकाशा लावायचा, टेबलावर चहा, आणि दोघं समोर. ब्राइटपर्यंत जायचं, तिथून हॅरिएटव्हिल, मग खरा चढ, माउंट हॉथम, पलीकडे ओमिओ, आणि समुद्राच्या बाजूने परत. मी म्हटलं, पहिल्या दिवशी ब्राइटपर्यंत सरळ मारू. ते म्हणाले, छे, मध्ये दोन ठिकाणी उतरायचं, चहा घ्यायचा. मी एक म्हटलं. ते दोनावर अडले. शेवटी एक चहा आणि एक नुसतं पाय मोकळे करणं, यावर सौदा पटला. हा माणूस मंडईत भाजीवाली म्हणेल तो भाव देऊन येतो, असं बायको नेहमी सांगायची. माझ्यासमोर मात्र तो थांब्या-थांब्यासाठी भांडत होता. मला मजा यायला लागली. बऱ्याच दिवसांनी मला तोडीस तोड कोणीतरी मिळालं होतं.

त्यांच्यासाठी जुनं हेल्मेट आणि जाकीट ऑनलाइन शोधलं. विकणाऱ्या गोऱ्याशी मी फोनवर घासाघीस करत होतो, सासरे कान देऊन बसले होते. शेवटी तो 'नो वरीज, मेट' म्हणत खाली आला. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "एकदाही आवाज चढवला नाहीत." मला ती स्तुती वाटली.

व्यायामाच्या तासाला आम्ही तोंडाला मास्क लावून समुद्राकडे चालायला जायचो. आमचा भाग परातीसारखा सपाट. सगळ्यात उंच जागा म्हणजे फ्रीवेवरचा पूल. त्या पुलाला सासऱ्यांनी हॉथम ठरवलं. वाटेतले राउंडअबाउट, म्हणजे इथले गोल चौक, ही हॅरिएटव्हिलच्या पुढची वळणं. प्रत्येक राउंडअबाउटला ते थांबून विचारायचे, इथे गिअर कुठला? मी सांगायचो. इथे मागच्या माणसाने कुठे झुकायचं? तेही सांगायचो. कुत्रं फिरवणारी एक बाई आम्हाला रोज बघायची. दोन भारतीय माणसं राउंडअबाउटच्या कडेला उभी राहून खांदे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे टाकताहेत. ती काय समजली असेल कोण जाणे, पण हात मात्र करायची.

एका गोष्टीचा मला राग यायचा. आखणी पूर्ण होत आली की सासरे नवीन काहीतरी काढायचे. सगळं ठरलं, आता फक्त राहायची ठिकाणं बघू म्हटलं की ते चष्मा पुसून म्हणायचे, "हा माउंट बफेलोचा फाटा सोडायचा का? एवढं जाऊन?" मग दोन दिवस बफेलो. तो बसवला की टावोंगा गॅपची खिंड. तो बसवला की परतीचा रस्ताच बदलू या. सौद्यावर हात मिळवल्यावर वर काहीतरी मागणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि मला ती आवडत नाहीत. मी म्हणायचो, बाबा, ठरलेलं मोडायचं नसतं. ते म्हणायचे, "मोडत नाही हो, वाढवतोय."

आणि मी पुन्हा नकाशा उघडायचो. शेजारी मुलगी चटईवर झोपलेली असायची. कधीकधी बायको मिटिंग संपवून बाहेर यायची, दारात उभी राहून आमच्याकडे बघायची आणि परत आत जायची. त्या हिवाळ्यात मी एजंटशी पुन्हा बोललो. त्याने भाड्याची मुदत वाढवून दिली. माल पाठवणाऱ्यालाही थोपवलं. भांडून नाही, बसून बोलून. मला वाटत होतं, हे माझं कसब.

नोव्हेंबरात शहराबाहेर जायची परवानगी मिळाली. मी म्हटलं, मोठ्या सफरीआधी एक चाचणी घेऊ. माउंट मॅसेडन, जवळच आहे, थोडी वळणं आहेत. सासरे आधी स्वयंपाकघरात गेले. मग जाकीट घालायला गेले.

सपाट रस्त्यावर सगळं छान होतं. ते मागे ताठ बसले होते. चढ सुरू झाला, पहिलं वळण आलं, ते बरोबर झुकले. दुसऱ्याला त्यांचे हात माझ्या खांद्यांवर आले. तिसऱ्याला बोटं रुतली. मग त्यांनी पाठीवर दोनदा थापटलं. मी कडेला थांबलो. ते उतरले, हेल्मेट कसंबसं काढलं, आणि निलगिरीच्या झाडाला धरून ओकले.

मी पाण्याची बाटली काढली. त्यांनी खिशातला रुमाल ओढला, त्याबरोबर एक छोटी प्लास्टिकची पिशवी खाली पडली. आत लिंबू. कापलेलं, मीठ लावलेलं.

घाटातल्या एसटीत खिडकीशी बसून असं लिंबू चोखणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत. हे आज अचानक झालेलं नव्हतं. हा माणूस तयारीने आला होता.

"बाबा, तुम्हाला घाट लागतो?"

"शाळेत असल्यापासून."

"मग हे सगळं कशाला?"

त्यांनी चूळ भरली, तोंड पुसलं आणि एका दगडावर बसले. चेहरा पांढरा पडला होता. पण बोलले अगदी बँकेच्या काउंटरवरून बोलावं तसं. "रस्त्याचं बोलताना तुम्ही ओरडत नाही, जावईबापू. पोरगी झोपते."

मी बाटलीचं झाकण लावलं. मग म्हटलं, "आणि खरंच हॉथमला निघालो असतो तर?"

"आलो असतो की. शब्द दिला होता. लिंबं जास्त घेतली असती."

परत येताना मी गाडी इतकी हळू चालवली की मागचे लोक हॉर्न वाजवत होते. घरी आल्यावर बायकोला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"अरे, बाबांनी बढती सोडली होती, बदली चिपळूणला होती म्हणून. कुंभार्ली घाट उतरावा लागला असता. मला माहीत नसणार?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"घर किती शांत झालं होतं. मी कशाला तोंड उघडू?"

रागाने मी गॅरेजमध्ये गेलो आणि बराच वेळ मोटारसायकल पुसत बसलो. आयुष्यभर मी एकच जाणत आलो: समोरच्याला काय हवंय ते ओळखायचं. सासऱ्यांच्या मागण्या मी ओळखल्या, थांबे ओळखले, फाटे ओळखले. हा माणूस सौदा जिंकायला बसलेलाच नाही, तो फक्त सौदा संपू देत नाहीये, हे मला ओळखता आलं नाही. बफेलोचा फाटा म्हणजे माझ्या घरातले आणखी दोन शांत दिवस होते. टावोंगा गॅप म्हणजे आणखी काही.

डिसेंबरात त्यांना परतीच्या विमानात जागा मिळाली. विमानतळावर आत फक्त प्रवासी, म्हणून दारातच निरोप. मी पाया पडलो. विचारायचं होतं ते विचारलं नाही. मास्कमधून नीट बोलताही येत नाही.

नंतर मी एकटाच गेलो. ठरल्याप्रमाणे, एक चहा आणि एक पाय मोकळे करणं. बफेलोसुद्धा केलं. हॅरिएटव्हिलच्या पुढे वळणं सुरू झाली आणि मला प्रत्येक वळण ओळखीचं निघालं. इथे दुसरा गिअर, इथे डावीकडे झुकायचं. आदल्या उन्हाळ्याच्या वणव्यांत जळालेल्या झाडांची काळी खोडं वाटेत होती, त्यांना बुंध्यापासून हिरवे कोंब फुटले होते. हॉथमला मी सासऱ्यांनी कराडहून आणलेलं भडंग काढून खाल्लं. थोडं मऊ पडलं होतं. समोर डोंगरांमागे डोंगर, निळे होत गेलेले. इतकं सुंदर मी काही पाहिलं नव्हतं, आणि मागची सीट रिकामी होती.

फोनला रेंज मिळाल्यावर त्यांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी आधी मुलगी कशी आहे ते विचारलं, मग म्हणाले, "टावोंगा गॅप राहिलाच ना?"

त्या हिवाळ्यात माझं घर टिकलं, दुकान टिकलं, माझी मुलगी माझ्या आवाजाला घाबरायची थांबली. हे कोणामुळे, ते मला ठाऊक आहे, आणि इथे लिहून ठेवतो. उपकार मी मानतो. पण उपकार मानले म्हणून फसवणूक मिटत नाही. आता सीमा उघडल्या आहेत, व्हिसा मिळतो, आणि बाबा, मी या म्हटलं की तुम्ही दर वेळी 'पुढच्या वर्षी' म्हणता. तुमची ती वाढवायची पद्धत मला आता कळते. हेल्मेट पुसून ठेवलंय. लिंबाचं झाड मागच्या अंगणात लावलंय. मोटारसायकल नको असेल तर गाडीने जाऊ, तुम्ही म्हणाल तिथे थांबत. पण या, माझ्यासमोर बसा, आणि लग्नाच्या वेळी बोललात ते वाक्य मागे घेताय की नाही, ते मला तोंडाने सांगा.