आक्कांचे हप्त्याचे पंखे

"आक्का गेल्या," असा फोन आला तेव्हा मी सरकारी दवाखान्याच्या फाटकात पत्रकं वाटत होते. पत्रक प्रसूती विभागातल्या जुन्या पंख्यांबद्दल होतं. त्याच आठवड्यात राजारामपुरीतल्या घरी मी त्यांना ते वाचून दाखवलं, तेव्हा पडल्यापडल्याच त्यांनी बजावलं होतं, "शिव्या कमी कर गं... मागणी काय हाय ते ठळक लिव."

शकूआक्का आयुष्यभर बँकेत कर्जाचं टेबल सांभाळून निवृत्त झालेल्या. आमच्या रुग्णहक्क गटात पहिल्यांदा आल्या त्या माझं तेव्हाचं 'विजेची उधळपट्टी, रुग्णांची होरपळ!' हे पत्रक हातात घेऊनच. "मथळा झकास हाय. पण पंखे बदलायला पैसे कुठनं येणार, ते कुठं लिवलंयस?" सरकारनं द्यावेत, मी तावातावानं म्हटलं. "सरकारनं दिलं असतं तर तू पत्रक काढलं असतंस व्हय?" मग त्यांनी समजावलं. कमी विजेवर चालणारे पंखे आणि दिवे एखादी कंपनी स्वतःच्या खर्चानं बसवेल. वीजबिल जेवढं उतरेल त्यातून दवाखाना तिचे हप्ते फेडेल. हप्ते फिटले की पुढची सगळी बचत दवाखान्याची, त्यातून पुढचा वॉर्ड. इतकं सरळ! पण दवाखान्याचे साहेब म्हणाले, "बिल उतरलं की वरून अनुदानही उतरतं. आम्ही कशाला खटाटोप करायचा?" काटकसर करणाऱ्यालाच शिक्षा देणारा हा कारभार... मी टेबलावर हात आपटला. आक्कांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि साहेबांना शांतपणे विचारलं, "अनुदान कोण उतरवतंय, त्यांचं ऑफिस तेवढं सांगा. आम्ही जातो की." आणि गेल्या. वाचलेली रक्कम दवाखान्याकडेच राहील, असा आदेश निघेपर्यंत त्यांनी त्या ऑफिसातला बाक सोडला नाही.

महिला वॉर्डात नवे पंखे बसवायला शिडी आली आणि वेगळंच भांडण उभं राहिलं. तिथले जुने पंखे लोकांनी दान दिलेले. पात्यांवर लाल रंगात 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. उचगावचे एक गृहस्थ तरातरा आले. "माझ्या आईचा पंखा भंगारात घालताय व्हय?" मी विजेचा हिशेब मांडायला तोंड उघडलं, तर आक्कांनी मला कोपरानं ढोसलं. स्टूल ओढून त्यांना त्याच पंख्याखाली बसवलं. पंखा असा खडखडत होता की शेजारच्या खाटेवरची बाई कानावर पदर दाबून पडली होती. "पावणं, आईनं असला पंखा चालवून घेतला असता का वो?" पाहुण्यांनी वर बघितलं आणि त्यांना हसू फुटलं. "न्हाय की! मलाच वर चढवलं असतं." तो पंखा उतरवताना शिडी त्यांनीच धरली. जुनी सगळी नावं दाराजवळच्या भिंतीवर नव्यानं रंगवली. नव्या पंख्यांवर मात्र आक्कांनी एकही नाव येऊ दिलं नाही. "ह्ये दान न्हवं. दवाखान्यानं सोताच्या हिमतीवर घेतल्यात."

त्या गेल्यावर आम्ही कार्यकर्त्यांनी वर्गणी काढली. प्रसूती विभागात आक्कांच्या नावाचा पंखा लावायचा! रंगाऱ्याला घेऊन मी दवाखान्यात गेले, तर उचगावचे पाहुणे तिथंच भेटले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आक्कांनी चालवून घेतलं असतं का वो?" रंगाऱ्याला मी तिथूनच परत पाठवलं, वर्गणी ज्याची त्याला दिली आणि साहेबांच्या दारात जाऊन मागणी ठळक केली : महिला वॉर्डाचे हप्ते फिटलेत, आता वाचणाऱ्या पैशातून प्रसूती विभाग. साहेबांना नाही म्हणता येईना. तो आदेश आणून आक्कांनी ती वाट आधीच बंद करून ठेवली होती.

वॉर्डात शिरण्याआधी दारात थांबून नुसतं ऐकायची आक्कांना सवय होती. नवे पंखे बसल्यावर परवा प्रसूती विभागाच्या दारात मी तशीच थांबले. आत एक सासूबाई खाटेवरच्या सुनेला विचारत होत्या, "अगं, पंखा चालू तरी हाय का?"

सुनेच्या कपाळावरची बट भुरभुरत होती.