चपला राखायला कोण बसणार?

परवा तालुक्याहून दोन पोरी आल्या. हातापायाला, डोळ्याला, कानाला अडचण असलेल्या माणसांनी फिरायला निघायचं म्हटलं तर कुठं काय सोय पाहिजे, हे त्या गावोगाव विचारत होत्या. मी म्हटलं, "बसा. सोयींचं मला काय कळत न्हाई, पर सोयी नसताना फिरलेल्या माणसांचं सांगते." एक किस्सा सांगितला तर दुसरा त्याच्या पदराला धरून आला, त्याच्या मागं तिसरा. किस्स्यांचं असंच असतं. वर्षानुवर्षं गप पडून असतात, आणि एक मडकं हललं की सगळी उतरंड वाजायला लागते! पोरींचा चहा गार झाला.

हे सगळं, लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाचं. आमचं गाव मुखेड तालुक्यात, नांदेड जिल्ह्याच्या अगदी काठाला. ओढा ओलांडला की लातूर. पावसानं पाठ फिरवलेली. धडधाकट माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. दिवसा गावात आम्ही चौघंच. टँकर आला की पाणी भरून घ्यायला घरात एक माणूस लागायचं, ती मी. दुसरी माझी नणंद शेवंता. लहानपणी ताप आला आणि पाय घेऊन गेला. हाताला टायरच्या चपला घालून, जमिनीवर सरकत चालायची, आणि मी मागं राहायची! तिसरे भुजंगकाका. डोळ्यांनी काही दिसत नव्हतं, पण दोर असा वळायचे की बैल तुटंल, दोर तुटणार नाही. चौथी रहिमतबी, बांगड्या भरणारी. तिला ऐकू यायचं नाही, बोलायची हातांनी. दुष्काळात बांगड्या कोण भरतंय? म्हणून तीही घरीच.

पाण्याचा टँकर गफूरभाई चालवायचा. एक दिवस म्हणाला, "भाभी, येताना पाणी आणतो, जाताना रिकामाच जातो. कुणाला कुठं जायचं असंल तर बसा की!"

झालं! आमचं फिरणं सुरू झालं.

गावातल्या बाया म्हणायला लागल्या, "दुष्काळात कुणी फिरायला जातं का गं?"

भुजंगकाका म्हणाले, "सुकाळात तुम्हाला सवड नसती. दुष्काळात बरं दिसत न्हाई. मंग आम्ही जावं तरी कवा?"

* * *

शेवंताचं मात्र एकच मागणं होतं, आणि ते लांबचं नव्हतं.

ओढ्यापलीकडं एक डोंगर आहे. वर खडकात कोरलेलं महादेवाचं लेणं. श्रावणात सगळं गाव जातं. लहानपणी शेवंताला तिचा दादा, म्हणजे आमचे मालक, खांद्यावर घेऊन पायथ्यापर्यंत न्यायचे. पुढं वाट अरुंद, पायऱ्या गुडघ्याइतक्या उंच, पोरीला घेऊन चढणं जमायचं नाही. मग पायथ्याच्या लिंबाखाली तिला बसवायचे आणि म्हणायचे, "शेवंता, तू चपला राख. उठू नको हं! कुत्रं नेतंय!"

सगळ्या गावाच्या चपला तिच्या भोवती. गाव वर जायचं, देव बघायचं, खाली येऊन तिच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवायचं. ती मोठी झाली, केस पांढरे व्हायला लागले, तरी जागा तीच.

मालक वाईट नव्हते हो. लई जीव होता बहिणीवर. पण जीव असला की माणूस "पडशील", "ऊन लागंल" यापुढं जातच नाही.

मी एकदा म्हटलं, "कुणाच्या पाठीवर बसून जा की."

"गोणी हाय का मी, वैनी?"

डोंगर आधी उस्मानाबाद जिल्ह्यात होता, तो लातूरमध्ये गेला. ते कळलं तेव्हा शेवंता म्हणाली, "बघा! महादेवाचा जिल्हा बदलला, पर माझी जागा काय बदलंना!"

* * *

नवा जिल्हा झाला तसं जो तो लातूरला जिल्हा बघायला निघाला. बघायचं काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण आलेला माणूस सांगायचा, "लई भारी झालाय!" भुजंगकाका हट्टाला पेटले, "मलाबी बघायचाय."

एसटीनं गेलो. एका नव्या कचेरीपुढं काकांना उभं केलं. त्यांनी दोन्ही हातांचे पंजे भिंतीला लावले आणि कडेकडेनं चालायला लागले. खिडक्या चाचपल्या, कोपरा चाचपला. तेवढ्यात शिपाई धावत आला, "ओ काका! काय करून राहिलाव? रंग ओला हाय!"

काका आमच्याकडं वळून म्हणाले, "म्हंजे जिल्हा अजून वाळायचाय व्हय!"

शिपाई हसतहसत पाण्याचा तांब्या घेऊन आला, पण काकांनी हात धुऊ दिले नाहीत. एसटीत सगळ्या वाटेनं पंजे वर धरून बसले. कंडक्टरला वाटलं, बाबा भजनात दंग आहे!

गावात उतरले ते थेट पारावर. निळेशार हात सगळ्यांपुढं धरले आणि म्हणाले, "तुम्ही नुसता बघून आलाव. मी थोडा घेऊन आलो!"

* * *

देगलूरला गेलो तेव्हाची गंमत. स्टँडजवळच्या एका हॉटेलात शिरलो. हॉटेलवाला अर्धं तेलुगू, अर्धं मराठी बोलणारा, माणूस चांगला. शेवंताला बघून त्यानं लगेच बाकडं बाजूला केलं, खाली पोतं अंथरलं. मग मला विचारतो, "या अम्माला चहा पाहिजे का?"

मी शेवंताकडं बघितलं. तो मात्र परत मलाच विचारतो,

"साखर चालती का त्यांना?"

शेवंतानं मला जवळ बोलावलं आणि सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल असं कानात म्हणाली, "वैनी, ह्या भाऊला विचारा, चहा ताजा हाय का. त्यांना माझ्यासंगट बोलता येत न्हाई वाटतं!"

हॉटेलवाला आधी लाजला, मग पोट धरून हसला. दुसरा कप त्यानं स्वतः आणला, तिच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "अम्मा, साखर?"

"बक्कळ!" शेवंता म्हणाली.

* * *

कंधारचा किल्ला बघायला गफूरभाईच्या टँकरमधून गेलो. शेवंता, रहिमतबी आणि मी केबिनमध्ये कोंबलेल्या, काका दाराशी. वाटेत एका वस्तीवर गफूरभाईनं गाडी थांबवली, इंजिनात पाणी घालायला.

टँकर थांबलेला बघून सगळी वस्ती धावली! घागरी, कळश्या, पत्र्याचे डबे, एका म्हातारीच्या हातात तर नुसता तांब्या. भांडणं सुरू. "माझा नंबर! माझा नंबर!"

केबिनचं दार उघडलं. आधी काठी बाहेर आली, मग भुजंगकाका. मग हातावर चपला चढवत शेवंता. मग हातवारे करत रहिमतबी. मग मी.

घागरी होत्या तिथंच थांबल्या.

काकांनी घागरींचा आवाज ऐकला होताच. हात जोडून म्हणाले, "बायांनो, पाणी न्हाई. पर पाव्हणे लई हायत!"

अशी हसली ती वस्ती! घशाला कोरड पडलेली माणसं, पण त्या म्हातारीनं घरात उरलेलं घोटभर पाणी तांब्यात आणून काकांच्या ओंजळीत ओतलं. परतीच्या वाटेवर गफूरभाई टाकी भरून घेऊन आला आणि आधी तिथं थांबला. साहेबाला काय सांगितलं, ते त्यालाच ठाऊक!

* * *

सहस्रकुंडाचा धबधबा ऐकायची काकांची फार दिवसांची हौस. ऐकायची म्हणते मी, कारण त्यांना तेच पाहणं. मुदखेडवरून रेल्वेनं गेलो, पुढं बैलगाडी केली.

आणि धबधबा कोरडा! नुसते काळे खडक, खाली डबक्यात हिरवं पाणी. पाऊसच नाही तर धबधबा कुठून येणार? एवढी साधी गोष्ट आम्हा चौघांतल्या एकाच्याही डोक्यात आली नव्हती!

काका कान देऊन उभे. "आला का गं जवळ?"

कुणाची सांगायची हिंमत होईना. शेवटी शेवंता म्हणाली, "काका, आलो. पर पाणी न्हाई."

काका खडकावर बसले. चेहरा असा उतरला की बघवेना.

रहिमतबीला ऐकू आलं नव्हतं, पण चेहरे तिला वाचता यायचे. ती खडकांकडं बघत राहिली. दगडावर पाण्याच्या जुन्या खुणा होत्या. कुठं गुळगुळीत, कुठं खोल घळी, कुठं रांजणासारखे खड्डे. ती काकांच्या मागं जाऊन बसली आणि दोन्ही हातांची बोटं त्यांच्या पाठीवरून खाली सोडली. सरसर. मग खुणा बघत बघत कुठं एक धार, कुठं दोन, कुठं दहा बोटांचा लोंढा. मधेच तळहातानं थाप, खाली आपटतं तसं. हातातल्या बांगड्या किणकिणत होत्या. तिला त्या ऐकू येत नव्हत्या, पण काकांना येत होत्या!

काका ताठ झाले. तोंडावर हसू आलं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "रहिमते, बस कर! लई जोरात पडून राहिलंय. भिजलो की मी!"

* * *

आता डोंगराचं सांगते.

त्या वर्षी श्रावणही कोरडाच. तरी गाव देवाला निघालं, पावसाचं मागणं मागायला. शेवंता म्हणाली, "मी येत न्हाई. चपला दुसरं कुणीतरी राखंल." मालकांनी समजूत काढून तिला आणली. लिंबाखाली बसवलं. तोंडातून सवयीनं निघालंच, "उठू नको हं, कुत्रं..." तिनं मान फिरवली.

पायथ्याशी विहिरीचं काम नुकतंच उरकलं होतं. खाली ओल लागली होती म्हणून कामगार खुशीत. संभा मिस्त्रीची टोळी आपली यारी सोडून गाडीत घालायच्या बेतात होती. यारी म्हणजे विहिरीतून दगडमाती वर काढायचं हातानं फिरवायचं यंत्र. लाकडी तंगड्यांवर उभं, दोराला लोखंडी पाळणा. त्याच पाळण्यात बसून माणसंही खाली उतरतात.

शेवंता त्या पाळण्याकडं बघत होती. बघता बघता म्हणाली, "मिस्त्री, ह्यात माणूस बसतो?"

"रोज बसतो, आक्का. खाली सोडतो आम्ही."

"आणि वर?"

संभा मिस्त्रीनं डोंगराकडं बघितलं. लेण्याच्या पुढं खडकाचा कडा होता, सरळ, विहिरीच्या भिंतीसारखा. तो डोकं खाजवत म्हणाला, "वर नेऊ का, असं आजपोतर कुणी इचारलंच न्हाई!"

मालक उसळले, "काय येड लागलं का? पडली म्हंजे?"

"मालक, विहिरीत माणूस सोडतो तवा आम्ही देवाच्या भरवशावर सोडत न्हाई," संभा म्हणाला आणि कुणी नको म्हणायच्या आत गड्यांनी यारीच्या तंगड्या खांद्यावर घेतल्या. त्याच उंच पायऱ्यांनी वर नेल्या. कड्यावर दगड रचून यारी बसवली. रिकामा पाळणा खालीवर केला, मग दगड भरून केला, मग संभा स्वतः बसून आला.

मालकांचं तोंड अजून आखडलेलंच. तेव्हा भुजंगकाका पुढं झाले. वरून सगळा दोर खाली सोडायला लावला आणि बोटांतून काढला, वीत न् वीत, पाळण्याच्या गाठीपर्यंत. शेवटी दोर सोडून म्हणाले, "मी वळलेला न्हाई. पर माझ्याहून चांगला हाय. जाऊ दे पोरीला."

पोरगी पन्नाशीला टेकलेली!

शेवंता सरकत पाळण्यापाशी गेली. बसायच्या आधी थांबली. हातातल्या टायरच्या चपला एकेक करून काढल्या, झटकल्या, आणि दादाच्या पायाशी जोडून ठेवल्या.

मी पायऱ्यांनी वर धावले. यारी करकरायला लागली. रहिमतबी कड्याच्या काठावर पालथी पडून खाली बघत यारीवाल्यांना हातानं खुणा करत होती: अजून थोडं, अजून थोडं. पाळणा वर आला. शेवंतानं डोळे गच्च मिटलेले. मी आणि रहिमतबीनं तिला उचलून खडकावर ठेवलं. महादेव समोरच होता.

मी म्हटलं, "शेवंता, बघ. देव."

तिनं देवाकडं बघितलंच नाही. आधी वळली, मोकळ्या हातांवर सरकत कड्याच्या काठापाशी आली आणि खाली बघितलं. लिंबाखाली गावाच्या चपलांच्या गर्दीत आमचे मालक बसले होते. डोक्याला पटका, मांडी घातलेली, नजर वर. दोन्ही हात तिच्या चपलांवर.

शेवंतानं हाताचा कर्णा केला आणि सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं ओरडली,

"दादा! उठू नगा हं! कुत्रं नेतंय!"

मालकांनी दोन्ही चपला उचलल्या आणि मांडीवर घेतल्या.