टांग्यातून घरी

बदलापूर स्टेशनबाहेर रिक्षा वाढल्या होत्या, तरी गावाकडे जाणारे दोन-तीन टांगे अजून उभे असत. त्यातला एक टांगेवाला मला रोज दिसायचा. उंच, जरा वाकलेला, आणि गाडी आली की गिऱ्हाइकांऐवजी घोड्याकडे बघणारा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

त्या वर्षी उल्हासनगरच्या दवाखान्यात वडिलांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. घरी आणताना ते टाक्यांवर उशी दाबून स्टेशनबाहेर आले. मी रिक्षाला हात करणार, तेवढ्यात तो टांगेवाला पुढे आला.

"साहेब, रिक्षात नका नेऊ बाबांना. रस्ता उखडलाय."

"टांग्यात काय कमी धक्के बसतात?"

"घोड्याच्या पायाला खड्डा लागतो, म्हणून तो बघून पाय टाकतो. रिक्षाला काय लागतंय?"

स्टुलावर पाय ठेवून वडील हळूहळू चढले. तो मात्र वर बसलाच नाही. लगाम धरून, घोड्याशी काहीबाही बोलत घरापर्यंत चालत आला. मागून रिक्षावाले हॉर्न मारत होते. आपल्यासाठी कुणी इतकं सावकाश चालेल, असं मला वाटलं नव्हतं.

दारात आईने चहा विचारला.

"आधी त्याला बादलीभर पाणी द्या," तो म्हणाला.

वडील आत न जाता ओट्यावरच टेकले. ऑपरेशन झाल्यापासून ताट पुढे आलं की ते तोंड फिरवत. घोडा बादली रिकामी करेपर्यंत ते बघत राहिले. मग आईला म्हणाले, "मऊ भात टाक गं थोडा. भूक लागलीय."