मोखाड्यातला सर्व्हर मी आज संथच ठेवून आलो

मंडळी, मोखाड्याहून परततोय, जीपमध्येच लिहितो.

तिथल्या एका बालआरोग्य केंद्रातल्या सर्व्हरबद्दल वरच्या ऑफिसची तक्रार होती की ठरलेला वेग मिळत नाही. डिस्क तपासल्या, केबल बदलून पाहिली, सगळं ठीक. शेवटी सेटिंगमध्ये सापडलं. माहिती आधी मेमरीत घेऊन डिस्कवर सावकाश लिहायची सोय असते, त्यानेच वेग येतो. ती बंद होती.

ऑपरेटर ताईंना विचारलं, "ही कोणी बंद केली?"

"आम्हीच करून घेतली सर. लाईट गेल्यावर मेमरी सांभाळणारी आतली बॅटरी मेलीय. मागं लाईट गेली तेव्हा सेव्ह झालं म्हणून दाखवलं, आणि पोरांची सगळी वजनं उडाली. सूर्यमाळच्या पाड्यांवरच्या बायांना पुन्हा वजनं करायला पोरं कडेवर घेऊन परत डोंगर उतरायला लागला."

मी नवी बॅटरी मागवलीय. तोवर ती सोय चालू करून आजच वेग दाखवता आला असता. माझा हात धजला नाही.

आता साहेबांचा फोन वाजतोय, वेगाचं टार्गेट गाठलं का विचारायला. सांगा, फोनवर तो डोंगर कसा दाखवायचा?